कानातला कापूस

आमच्या यांना कशाचाही वास येत नाही, हे अख्ख्या जगात दोघांनाच माहीत होतं. एक ते स्वतः आणि दुसरी मी. तिसऱ्या कोणाला कळलं असतं तर आमच्या घरची चूल विझली असती, कारण यांची नोकरीच मुळी वास घेण्याची होती.

बडनेऱ्याच्या पुढे, अकोल्याच्या बाजूला, रेल्वेलाईनला लागून रमचा एक लहानसा कारखाना होता. आमच्याकडे तेव्हा दारूबंदी. कोणाच्या घरी बाटली सापडली तर पोलीस दंडाला धरून नेत. पण पलटणीला रम लागते, म्हणून हा कारखाना सरकारी परवान्यावर चालायचा. रेल्वेच्या टाकीतून साखर कारखान्यांची मळी यायची, तिची रम व्हायची आणि पिंपं भरून छावणीत जायची. मालक देवीदासशेठ अकोल्याचे. कोणतं पिंप तयार झालं, कोणतं अजून पडू द्यायचं, कोणत्यात कोणतं मिसळायचं, हे ठरवायचं काम आमच्या यांचं. नाव चंद्रभान, पण कारखान्यात सगळे 'नाकवाले' म्हणत आणि हेही मोठ्या ऐटीत ओ देत.

सत्तावन साली फ्लूची साथ आली, तेव्हा राजापेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही चौघंही आडवे झालो. मुली आठ दिवसांत उठल्या, मी दहाव्या दिवशी उठले. यांचा ताप गेला, खोकला गेला, पण नाक काही परत आलं नाही. मी अंगणात कपडे वाळत घालत होते आणि आत चुलीवर वरण करपून घरभर वास सुटला होता. आत येऊन बघते तर हे चुलीपासून दोन हातांवर बसून वर्तमानपत्र वाचताहेत. जिभेला गोड, कडू, तिखट एवढंच कळायचं. बाकी सगळं गेलं. त्या दिवशी हे गुडघ्यात डोकं घालून रडले आणि मला दया आली. मी म्हटलं, "रडता काऊन? घरी आणा थोडीशी रम, मी सांगते कशी हाय ते." त्या वाक्याला मी पुढे तीन वर्षं शिव्या दिल्या.

कारखान्यातून रमचा थेंब बाहेर आणणं सोपं नव्हतं. फाटकावर शिपाई खिसे, डबा, टोपी सगळं तपासायचा. पण साथीनंतर वारा लागू नये म्हणून अर्धं गाव कानात कापसाचे बोळे घालून हिंडत होतं, आणि कापसाला आमच्या वऱ्हाडात काय तोटा. हे उजव्या कानात एका पिंपातल्या रममध्ये बुडवलेला बोळा घालत, डाव्या कानात दुसऱ्याचा. संध्याकाळी घरी येऊन पाटावर बसले की मी बोळे काढून कोमट पाण्याच्या दोन वाट्यांत टाकायची आणि वास घ्यायची. पहिल्या दिवशी मला मळमळलं. पण नाक माझं लहानपणापासूनच तिखट. माझे वडील अकोल्याला, कापसातून सरकी काढतात त्या जिनात कामाला होते. सरकीच्या ढिगाला हात न लावता ती ओली की कोरडी हे मी सांगायची. गल्लीतल्या बायका तेल विकत घेतलं की आधी माझ्या नाकाखाली धरत. महिनाभरात मला रमही कळायला लागली. मी म्हणायची, "हे खालून करपलं. याले अजून सहा महिने पडू द्या. याले पिकल्या केळाचा वास येते, हे चांगलं हाय." हे कागदावर उतरवून घेत आणि दुसऱ्या दिवशी शेठसमोर डोळे मिटून तेच म्हणून दाखवत.

एका दिवाळीला शेठनं चारचौघांत यांच्या खांद्यावर शाल घातली. ती शाल पांघरून हे घरी आले. मी विचारलं, "शाल घेताना काई बोलले का तुमी?"

"काय बोलू? बायकोच्या नाकावर जगतो म्हणू?"

मला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. मला काही मिरवणूक नको होती. गावाला सांगा असंही मी म्हणत नव्हते. यांनी कोणातरी एका माणसाला, फक्त एकाला, सांगावं की हे काम ही करते, एवढंच मला पाहिजे होतं. पण यांच्या तोंडून बाहेर माझं नावसुद्धा निघत नसे. घरात मी 'ऐकतं का' आणि बाहेर 'आमच्या घरून'.

साठ सालच्या सुरुवातीला छावणीतून काही पिंपं परत आली. ती पास केली त्या महिन्यात मी माहेरी होते, म्हणजे हे अंदाजानं बोलले होते. शेठनं यांना स्पष्ट सांगितलं की पुन्हा एकदा माल परत आला तर घरी बसायचं. मग डिसेंबरात निरोप आला की छावणीचे मेजरसाहेब स्वतः कारखाना पाहायला आणि चव घ्यायला येणार आहेत. सहा पिंपं त्यांच्यापुढे ठेवायची. त्यांना पसंत पडली तर वर्षभराचं काम पक्कं, नाहीतर यांची नोकरी गेली. मेजरसाहेबांबरोबर त्यांच्या बाईसाहेब येणार होत्या, म्हणून त्यांच्या सोबतीला तुझ्या बायकोला आण, असं शेठनंच यांना सांगितलं.

"देव पावला," हे म्हणाले. "तू तिथंच असशीन. मले खूण कर फक्त."

खूण आम्ही अशी ठरवली. चव घेताना पाहुण्यांना खायला द्यायचं काम माझं. ग्लासातली रम चांगली असली तर त्या ग्लासाजवळ मी शेंगदाण्यांची बशी ठेवायची. खराब असली तर चिवड्याची. हे बशी बघून बोलणार. आदल्या रात्री यांनी माझ्याकडून ते चार वेळा घोकून घेतलं, जसं काही विसरणारी मीच होते.

तीन वर्षं ज्या जागेचा वास मी रोज घेत होते, ती जागा त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिली. मेजरसाहेब साताऱ्याकडचे, कमी बोलणारे, सगळं नीट बघणारे. बाईसाहेब मोकळ्या स्वभावाच्या. त्यांनी आल्याआल्या माझा हात धरला तो सोडलाच नाही. पुढे हे, मागे साहेब आणि शेठ, त्यांच्या मागे आम्ही दोघी. हे मळीची टाकी दाखवत होते, मग फेस आलेले हौद, मग तांब्याची भट्टी, मग थंड पाण्यात बुडवलेली नळी. आणि तोंड कसं चालत होतं यांचं. "साहेब, हौदाचा वास पाहून मी सांगतो की आज भट्टी लावाची का उद्या." मी ऐकत होते. हौद कधी आंबतो हे यांना भिंतीवरच्या घड्याळावरून कळायचं. मला तिथल्या तिथे बोलावंसं वाटलं, पण बाईसाहेब सांडग्यांत तुम्ही कोहळा घालता का म्हणून विचारत होत्या.

पिंपांच्या खोलीत शिरलो आणि चार नंबरपाशी माझे पाय थांबले. ओल्या सरकीचा वास येत होता. ढिगाच्या तळाशी राहून कुबट झालेल्या सरकीचा. वर पाहिलं तर छपराच्या कौलांतलं एक कवेलू सरकलेलं होतं. आठवड्याआधी अवकाळी पाऊस पडून गेला होता. पिंपाच्या तोंडावर बुचाला गुंडाळलेलं गोणपाट भिजून काळं पडलं होतं आणि ते पाणी आत उतरलं होतं. पंधरा दिवसांआधी याच पिंपाचा बोळा यांच्या उजव्या कानातून मी काढला होता आणि केळाचा वास येते म्हणून सांगितलं होतं. हे आजही तेच सांगणार हे मला कळलं.

मी पुढे होऊन हळूच म्हटलं, "आवं, इकडे या जरा."

"थांब ना."

"चार नंबर पाहा म्हणते मी."

यांनी साहेबांकडे वळून हसत म्हटलं, "बाया मानसाईले या अंधाराचा भेव वाटते, साहेब." शेठही हसले. मला यांची मान धरून त्या गोणपाटावर नाक घासावं असं वाटलं. पण घासून तरी काय कळणार होतं यांना? बाईसाहेब माझी पाठ थोपटत मला बाहेर घेऊन गेल्या, कारण मी घाबरले अशी त्यांचीही समजूत झाली होती.

ओसरीवर टेबल मांडलं होतं. पांढरं कापड, सहा ग्लास, प्रत्येकाखाली नंबराची चिठ्ठी. इथपर्यंत ठीक होतं. पण शेठ पडले हौशी माणूस. घरी मोठा पाहुणा आला की उदबत्ती, अत्तर, गुलाबपाणी झालंच पाहिजे, मग तो पाहुणा बारशाला आलेला असो की वास घ्यायला. टेबलाच्या चार कोपऱ्यांना त्यांनी चार उदबत्त्या लावल्या होत्या. गुलाबदाणी घेऊन सगळ्यांच्या अंगावर शिंपडलं. मग अत्तराची कुपी काढली. साहेबांनी हात मागे घेतला आणि म्हणाले, "मला आत्ता नको." बाईसाहेबांनी लावून घेतलं. आणि आमच्या यांनी दोन्ही मनगटं पुढे केली. वर शेठला म्हणाले, "थोडं अजून लावा."

ज्याला नाकानं काम करायचं आहे तो माणूस अत्तराच्या कुपीपासून दहा हात लांब पळेल. हे घरी बसणाऱ्या मला कळत होतं, आणि हे नाकवाले अत्तर चोळत उभे होते. मेजरसाहेब यांच्या मनगटांकडे पाहत होते ते मी पाहिलं. 

बाकी पाचांचे बोळे मी घरी आधीच पारखले होते. मी बश्या मांडायला लागले. एक, दोन, तीनला शेंगदाणे. चारला चिवडा. पाचवी बशी ठेवते तोवर शेठ आले. "काय हो वयनी, अशी कंजुशी काऊन करून राहिल्या? पाव्हनेरावळे काय म्हनतीन?" त्यांनी सगळ्या बश्या उचलल्या, चिवडा आणि शेंगदाणे एका परातीत एकत्र केले आणि परात टेबलाच्या मधोमध ठेवली. मी यांच्याकडे बघून नाही म्हणून मान हलवली. हे परातीकडे बघत राहिले. मी चार बोटं दाखवली आणि पुन्हा मान हलवली. यांनी मला डोळ्यांनी दटावलं की नीट उभी राहा.

मग यांनी ग्लास उचलायला सुरुवात केली. डोळे मिटले, मान मागे टाकली, जिभेवर थेंब घेतला. "चार नंबर, साहेब. याच्यासारखं दुसरं नाई. पिकल्या केळाचा वास." माझंच वाक्य, पंधरा दिवसांचं शिळं.

साहेबांनी ग्लास नाकाजवळ नेला आणि खाली ठेवला. "इथं उदबत्तीशिवाय कशाचाच वास येत नाही. तुम्हाला येतो?"

"सवय हाय, साहेब."

"मनगटाला कोणतं अत्तर लावलंय तुम्ही?"

यांनी मनगट नाकाशी धरलं. लांब श्वास घेतला, पुन्हा घेतला. मी मनातल्या मनात खस, खस, खस म्हणत होते. हे म्हणाले, "गुलाब."

"चंद्रभान, खस हाय ना बे ते," शेठच बोलून गेले.

 साहेबांनी टोपी उचलली. "शेठ, ज्याला खस आणि गुलाब ओळखता येत नाही, त्यानं पास केलेला माल मी कसा घेऊ? सहाही पिंपं राहू द्या तुमच्याकडेच."

माझ्या डोळ्यांपुढे आमच्या दोन खोल्या आल्या आणि शाळेत जाणाऱ्या दोघी मुली. लाज, रीत, परका पुरुष, काहीही मला आठवलं नाही. मी म्हटलं, "साहेब, पाच पिपं चांगले हायेत. एकटं चार नंबर बिघडलं. वरचं कवेलू सरकलं, बुचाचं गोणपाट भिजलं. ओल्या सरकीवानी वास येते त्याले. या उदबत्त्यांपासून दूर नेऊन पाहा."

साहेब माझ्याकडे वळले. मग त्यांनी चार नंबरचा आणि दोन नंबरचा ग्लास उचलला आणि अंगणापार बाभळीखाली जाऊन उभे राहिले. तिथे बराच वेळ होते. एकेक करत सगळे ग्लास तिकडे मागवले. परत आले तेव्हा चार नंबरचा ग्लास त्यांनी बाहेरच ओतून टाकलेला होता.

"बाई बरोबर बोलल्या. तुम्हाला कसं कळलं?"

 मी यांच्याकडे पाहिलं. आता हे म्हणणार की माझ्याबरोबर राहून राहून शिकली, अशी माझी खात्री होती. तसं म्हटलं असतं तर मी गप्प बसले असते, पण जन्मभर माफ केलं नसतं.

हे म्हणाले, "साहेब, मले तीन सालापासून कायचाच वास येत नाई. फ्लूत गेला. तवापासून पिपाचा बोळा कानात घालून घरी नेतो अन् ही वास घेते. इथं जे मी सांगतो ते सारं इचं असते. ही माही बायको. कौशल्या नाव हाय इचं."

तीन वर्षं जे ऐकायला जीव टाकला होता ते मी ऐकलं. पण तेव्हा मला यांच्या तोंडाकडे बघवेना. इतका उघडा पडलेला माणूस मी पाहिला नव्हता. मला आनंद झाला नाही. उगीच सांगितलं, असंच पहिल्यांदा वाटलं, आणि तसं वाटल्याचा मला स्वतःचाच राग आला.

साहेबांनी पाच पिंपं घेतली. जाताना शेठला म्हणाले, "माल असाच लागेल, आणि पारखही याच नाकाची लागेल." बाईसाहेबांनी जीपमधून मला हात केला आणि धूळ उडवत ते गेले.

शेठ खुर्चीत बसले.  रागावलेले होते, पण व्यापारी माणूस, हिशोब कोणत्या बाजूला आहे ते त्यांना कळत होतं. म्हणाले, "हे पाह चंद्रभान, झालं ते झालं. तुह्या नावावर आहे तसंच चालू दे. बोळा कानात नको, बाटलीतून ने, फाटकावर मी सांगतो. घरी वास पाहून घेत जा, अन् इथं येऊन सांगत जा. कोनाले कळाचं कारन नाई."

मी हो म्हणून मान हलवली. खरंच हलवली. नोकरी राहत होती, मुलींची शाळा राहत होती, मला अजून काय पाहिजे होतं? तीन वर्षं केलं तसंच पुढे करायचं. आज एकदा नाव तर घेतलं यांनी.

"नाई शेठजी," हे म्हणाले.

"काय नाई?"

"वास कौशल्या घेते. तिलेच कामावर लावा. इथं खुर्ची द्या तिले. मी पिपं लोटीन, भट्टी पुसीन, जे सांगसान ते करीन."

शेठ हसायला लागले. "बाईले? दारूच्या कारखान्यात? अकोल्यात मले तोंड दाखवाले जागा रायन का?"

"मंग राहू द्या."

"राहू द्या तर राहू द्या. दोघंही घरी बसा." शेठ उठून आत गेले. मला वाटलं हे मागे धावतील, पाया पडतील. यांनी खुंटीवरची आपली टोपी काढली, घातली आणि फाटकाकडे चालायला लागले. शिपायानं सवयीनं यांचे खिसे तपासले आणि यांनी सवयीनं हात वर केले.

बडनेऱ्यापर्यंत पायी जायचं होतं. अर्ध्या कोसापर्यंत मी दात आवळून चालले. मग मला राहवलं नाही.

"तुमाले कोनं सांगतलं होतं मधे बोलाले? मी मान हलवली होती ना?"

"तुलेच पायजे होतं ना? तीन साल झाले, रोज तेच म्हनून राहिली होती."

"पायजे होतं. नोकरी होती तवा पायजे होतं. तवा एका शब्दानं बोलले नाई. अन् बोलले ते कवा? शेठ सारं माफ करून राहिला होता तवा."

हे रेल्वेलाईनच्या कडेनं खाली मान घालून चालत राहिले. मी बोलतच होते. पोरींच्या फीचं काय, घरभाड्याचं काय, उद्या सकाळी उठून काय करणार, सगळं मी त्यांना सुनावलं. मला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं, म्हणून मी अजूनच जोरात बोलत होते. माझं नाव त्या कारखान्यात ज्या दिवशी पहिल्यांदा घेतलं गेलं, त्याच दिवशी तो कारखाना सुटला. खरं बाहेर येऊनही माझ्या हाती काही लागलं नाही, याचाच मला सगळ्यात जास्त संताप होता.

स्टेशन दिसायला लागलं तेव्हा हे थांबले. टोपी काढून हातात धरली.

"आता काय कराचं, कौशल्या? तूच सांग."

म्हणजे तेही मीच सांगायचं होतं.